एकतीस मेनंतरचे पहिले वर्ष

कर्नाटकात काय किंवा महाराष्ट्रात काय, साठीच्या आसपासच्या माणसांना जन्मतारीख विचारली की ‘एक जून’ हे उत्तर फार वेळा ऐकू येते. घरोघरी जन्माची नोंद नसायची. मुलाला शाळेत घालायला वडील किंवा आजोबा जायचे, मास्तर वयाचा अंदाज घ्यायचे आणि शाळा उघडण्याच्या सुमाराची एक जून ही तारीख दाखल्यावर लिहून मोकळे व्हायचे. मास्तरांच्या त्या एका ओळीने पुढे अख्ख्या पिढीच्या निवृत्तीची तारीख ठरवून टाकली. सरकारी नियमाप्रमाणे कर्मचारी जन्माच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो; पण जन्म एक तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. म्हणून 31 मे आला की हुबळी-धारवाडच्या कचेऱ्यांत आणि शाळा-कॉलेजांत निरोपसमारंभांची रांग लागते. एकाच सभागृहात एकामागून एक सत्कार होतात. शाल, हार, डोक्यावर म्हैसुरी पेटा, ‘आता तुम्ही मोकळे’ असे सांगणारी भाषणे, आणि घरी परतताना शेजाऱ्यांना वाटायला लाइन बाजारच्या पेढ्यांचे पुडे.

या प्रकरणाचा विषय तो समारंभ नाही. त्यानंतरचे बारा महिने, हा आहे. निवृत्तीविषयीची पुस्तके पैशाची तयारी एका प्रकरणात सांगतात आणि मनाची दुसऱ्या. मला ही वाटणीच घातक वाटते. निवृत्तीनंतर पैशाचे जे मोठे निर्णय चुकतात, त्यांतले बरेचसे गणित न आल्यामुळे चुकत नाहीत. मन रिकामे, दुखावलेले किंवा घाबरलेले असताना ते घेतले जातात म्हणून चुकतात. आणि मन सर्वांत अस्थिर असते ते याच पहिल्या वर्षात, जेव्हा बँकेच्या खात्यात आयुष्यातली सर्वांत मोठी रक्कम येऊन पडलेली असते.

उदाहरणासाठी हुबळी-धारवाड मुद्दाम निवडले आहे. धारवाडला ‘पेन्शनरांचे गाव’ म्हणण्याची जुनी पद्धत आहे आणि तिला कारणे आहेत. सातशे मीटरच्या आसपासची उंची, मलनाडाच्या कडेची गार हवा, लाल माती. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे शिक्षणखाते, महसूल आणि न्यायखात्यात नोकरी करून निवृत्त झालेली माणसे माळमड्डी, सप्तापूर, साधनकेरी अशा भागांत घरे बांधून राहिली. त्यांत घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणारी कुटुंबे पुष्कळ. कर्नाटक विद्यापीठ ज्या टेकडीवर आहे तिला लोक ‘छोटा महाबळेश्वर’ म्हणतात. जोडीचे शहर हुबळी मात्र कामगारांचे. इथली रेल्वे ‘सदर्न मराठा रेल्वे’ या नावाने एकोणिसाव्या शतकात आली, सोबत कारखाना आला, आणि 1 एप्रिल 2003 पासून नैऋत्य रेल्वेचे मुख्यालयही हुबळीतच आहे. प्राध्यापक, गँगमन, कंडक्टर, बँक कॅशियर, प्राथमिक शिक्षिका असे सगळ्या तऱ्हांचे निवृत्त एकाच ‘चिगरी’ बसमधून हुबळी-धारवाड प्रवास करतात. त्यांच्या हातातल्या पेन्शनमध्ये मात्र जमीन-अस्मानाचे अंतर असते. आधी ते अंतर पाहू.

रेल्वे कारखान्यातला, 2004 पूर्वी नोकरीला लागलेला तंत्रज्ञ घ्या. निवृत्तीच्या दिवशी त्याचे मूळ वेतन 60,000 रुपये आहे असे धरू. त्याला निम्मे, म्हणजे 30,000 रुपये मूळ पेन्शन, वर महागाई भत्ता. तो जानेवारी आणि जुलैपासून असा वर्षातून दोनदा बदलतो. वयाच्या 80 व्या वर्षी मूळ पेन्शनमध्ये 20 टक्के वाढ, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50, आणि शंभरीला पोहोचल्यास पेन्शन दुप्पट. आजारपणासाठी रेल्वेचे इस्पितळ, वर्षाला ठरावीक मोफत पास. याच हुबळीत गोकुळ रोडला मुख्यालय असलेल्या परिवहन महामंडळाचा बसचालक घ्या. त्याने तितकीच वर्षे, बहुधा जास्त जोखमीचे काम केले. पण त्याची पेन्शन भविष्यनिर्वाह निधीच्या 1995 च्या योजनेतून येते. तिचे सूत्र साधे आहे: पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. वेतनाची मर्यादा 15,000. म्हणजे 30 वर्षांची सेवा आणि वर मिळणारी दोन वर्षे धरली तरी महिना 6,857 रुपये. त्यातही 2014 च्या सप्टेंबरपूर्वीच्या वर्षांना 6,500 ची जुनी मर्यादा लागते, त्यामुळे प्रत्यक्षात पडते ते आणखी कमी. तिला महागाई भत्ता नाही. साठाव्या वर्षी जो आकडा, तोच ऐंशीव्या वर्षी. या योजनेची किमान पेन्शन 2014 मध्ये 1,000 रुपये ठरली. आयुष्यभर घाटात गाडी हाकलेल्या माणसाच्या म्हातारपणाची ही किंमत लज्जास्पद आहे, आणि या पेन्शनरांची वाढीची मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते.

ती न्याय्य का, हे सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका संदर्भात सांगून ठेवले आहे. संरक्षण खात्यातले निवृत्त वित्तीय सल्लागार डी. एस. नाकारा यांच्या खटल्यात 17 डिसेंबर 1982 रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठाने म्हटले की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेतून मिळालेला तो हक्क आहे. आणि निवृत्तीच्या तारखेवरून पेन्शनरांत भेदभाव करता येणार नाही. 17 डिसेंबर हा पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो यामुळे. कर्नाटकाचाही यात एक वाटा आहे. वेतनवाढ पदरात पडायच्या आदल्या दिवशी निवृत्त झालेल्यांना ती वर्षभराच्या कामाची वेतनवाढ मिळायची नाही. कर्नाटक वीज पारेषण महामंडळ विरुद्ध सी. पी. मुंडिनमणी या खटल्यात 11 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. आपल्या वेळच्या निवृत्तांनी हे कागद वाचले पाहिजेत. आपण कुणाच्या दयेवर जगत नाही ही जाणीव मनाला जेवढा आधार देते तेवढा कोणत्याही भाषणाने मिळत नाही.

आता रेल्वेतल्या त्या तंत्रज्ञाकडे परत येऊ, कारण पहिला मोठा निर्णय त्याला निवृत्तीच्या अर्जावरच घ्यायचा असतो: कम्युटेशन, म्हणजे पेन्शनचा काही भाग एकरकमी विकणे. केंद्राच्या नियमाने 40 टक्क्यांपर्यंत विकता येते. त्याने 12,000 विकले तर साठीला लागू असणाऱ्या 8.194 या गुणकाने त्याला 11,79,936 रुपये एकदम मिळतात. बदल्यात पुढची पंधरा वर्षे त्याची मूळ पेन्शन 30,000 ऐवजी 18,000 राहते. महागाई भत्ता मात्र पूर्ण 30,000 वरच मिळतो. पंधरा वर्षांत कापले जातात 21,60,000. हा व्यवहार वाईट नाही. रक्कम करमुक्त असते, आणि पेन्शनर मध्येच वारला तर विधवेच्या कुटुंबपेन्शनमधून कपात होत नाही. घराचे महाग कर्ज फेडायचे असेल तर जरूर विका. पण ‘सगळेच विकतात’ म्हणून विकले आणि ती रक्कम वर्षभरात भाच्याच्या फ्लॅटला, मुलाच्या दुकानाला, लग्नातल्या जादा जेवणावळीला गेली, तर पंधरा वर्षे दरमहा बारा हजारांचा हप्ता भरणारे आपण एकटेच उरतो.

इथे प्रश्न पैशाचा राहत नाही. रक्कम वर्षभरात का जाते?

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी 1967 मध्ये आयुष्यातल्या 43 घटनांना ताणाचे गुण देऊन एक यादी केली. जोडीदाराचा मृत्यू सर्वांत वर, 100 गुण. नोकरीवरून काढले जाणे 47. निवृत्ती दहावी, 45 गुण. म्हणजे हारतुरे घालून, बँड लावून झालेला निरोप आणि कामावरून हाकलले जाणे यांत शरीरमनाला जाणवणारा फरक जेमतेम दोन गुणांचा. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट अॅचली यांनी 1970 च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडले. सुरुवातीला एक हौसेचा काळ असतो: यात्रा, नातेवाईक, राहिलेली घरदुरुस्ती. मग भ्रमनिरास. मग माणूस हळूहळू स्वतःला नव्याने बसवतो आणि शेवटी एक स्थिर घडी येते. सगळ्यांना सगळे टप्पे लागतात असे नाही, क्रमही बदलतो. पण हुबळीच्या रेल्वे क्वार्टर्समधून नुकत्याच बाहेर पडलेल्या कुणाशीही अर्धा तास बोला, दुसरा टप्पा लगेच ओळखू येतो.

तो असा दिसतो. चाळीस वर्षे सकाळी ठरल्या वेळी डबा भरला जायचा. आता नऊ वाजता माणूस आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार असतो आणि जायला जागा नसते. वर्तमानपत्र साडेनऊला संपते. पहिल्या महिन्यात तो ‘सहज इकडे आलो होतो’ म्हणत जुन्या ऑफिसात डोकावतो. चहा येतो, खुर्ची पुढे केली जाते, दोन फायलींबद्दल त्याचे मतही विचारले जाते. पुढच्या खेपेला चहा येतो, पण मंडळी मान वर न करता बोलतात. आणखी एकदा गेला की त्याच्या टेबलावर बसलेला पोरगा ‘काका, बसा हं, एवढं उरकतो’ म्हणतो. त्या ‘काका’ने तो घरी येतो तो पुन्हा न जाण्यासाठी. कुणी अपमान केलेला नसतो. पण कालपर्यंत ‘साहेब’ किंवा ‘सर’ असलेला माणूस आज कुणाचाच कुणी नाही, हे त्याला पहिल्यांदा कळलेले असते.

आणि नेमक्या याच दिवसांत फोन येऊ लागतात. प्लॉट विकणारे, विमा विकणारे, जादा व्याजाच्या ठेवी गोळा करणारे. 31 मे कुठल्या खात्यात किती जणांचा आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते. ते त्याला ‘सर’ म्हणतात. गाडी घेऊन घरी येतात, साइट दाखवायला नेतात, त्याचे मत ऐकून घेतात. चार महिन्यांत प्रथमच कुणीतरी त्याच्या सहीची वाट पाहत असते. सही होते. लोभ हे कारण असते असे मला वाटत नाही. पुन्हा एकदा निर्णय घेणारा माणूस व्हायची भूक हे कारण असते.

फसवणुकीचे नवे प्रकारही याच नसेवर बोट ठेवतात. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाने पोलिसी गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या आधारवर गुन्हा नोंदवला आहे म्हणतो, आणि आयुष्यभर सरकारी कागदाला घाबरून, नियमाने वागलेला निवृत्त माणूस दार लावून दोन-दोन दिवस फोनसमोर बसून राहतो, ठेवी मोडून पैसे पाठवतो. भारतीय कायद्यात फोनवरून अटक नावाचा प्रकारच नाही. असा कॉल आला तर तो कापायचा, आणि पैसे गेलेच असतील तर लाजेखातर गप्प न बसता तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवायचे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

म्हणून माझे म्हणणे असे: पहिल्या वर्षात परत फिरवता येणार नाही असा एकही निर्णय घेऊ नका. घर विकू नका, घर मुलांच्या नावे करू नका, प्लॉट घेऊ नका, मुलाच्या गावी बिऱ्हाड हलवू नका, मोठी रक्कम कुणाला देऊ नका. आलेले पैसे सरकारी बँकेत मुदत ठेवीत किंवा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. ही योजना 2004 ची. तिची मर्यादा 2023 मध्ये 15 लाखांवरून 30 लाख झाली आणि त्याच एप्रिलमध्ये व्याज 8.2 टक्के. या दराने 30 लाखांवर दर तिमाहीला 61,500 रुपये हातात येतात. मुदत पाच वर्षे. गरज पडल्यास दंड भरून आधी मोडता येते. व्याज यापेक्षा दोन-तीन टक्के जास्त देणाऱ्या पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्था दोन्ही शहरांत गल्लोगल्ली आहेत. त्यांत चांगल्याही आहेत. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बँकेतल्या ठेवीला मुद्दल आणि व्याज मिळून प्रत्येक बँकेमागे पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो.

वर्षभर पैसा नुसता ठेवून दिला तर महागाई तो खाईल, अशी भीती काही जण घालतात. भीती खरी आहे, पण ती एका वर्षाची नाही, वीस वर्षांची आहे. सहा टक्के महागाईने खर्च साधारण बारा वर्षांत दुप्पट होतो. आज घर 30,000 रुपयांत चालत असेल तर 72 व्या वर्षी 60,000 आणि 84 व्या वर्षी 1,20,000 लागतील. जर्मनीत बिस्मार्कने 1889 मध्ये म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा केला तेव्हा वय 70 ठेवले होते, आणि तिथवर पोहोचणारे थोडे होते. भारतात 1951 च्या सुमारास जन्मणाऱ्या बाळाचे सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते. आज साठी गाठलेल्या भारतीयाला सरासरी आणखी अठरा वर्षे मिळतात, बायकांना जरा जास्त. म्हणजे नोकरीच्या निम्म्याएवढे दुसरे आयुष्य. ते महागाईभत्ता असलेल्या रेल्वेवाल्याला एका हिशेबाने पार पाडायचे आहे आणि गोठलेल्या पेन्शनच्या बसचालकाला वेगळ्या. दुसऱ्याने आपल्या गाठीच्या रकमेतला काही भाग वाढत राहील असा ठेवायलाच हवा, आणि आरोग्य विमा निवृत्तीपूर्वीच, नोकरीत असतानाच घ्यायला हवा, कारण आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो. पण हे विचाराने करायचे काम आहे, आणि विचार करायला आधी मन जागेवर यावे लागते.

त्या वर्षात करायचे काय? एक काम मला अत्यावश्यक वाटते: दिवसात एक ठरलेली वेळ आणि एक ठरलेले ठिकाण, जिथे आपण गेलो नाही तर कुणीतरी विचारील. धारवाडला याची वाण नाही. केलगेरी तलावाच्या काठी, कर्नाटक कॉलेजच्या (केसीडी) मैदानावर, हुबळीत उणकल तलावावर पहाटेपासून टोळकी फिरत असतात, आणि त्यातला एक जण दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या दाराची घंटा वाजते. 1890 मध्ये स्थापन झालेल्या कर्नाटक विद्यावर्धक संघाच्या व्याख्यानांना पुढच्या रांगा पांढऱ्या केसांच्याच असतात. मराठी घरातल्या निवृत्तांना कधी कधी आपण इथे ना धड कन्नड ना धड मराठी असे वाटते. ज्यांना तसे वाटते त्यांनी द. रा. बेंद्रे यांच्याकडे पाहावे.

बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, आणि ते कन्नडचे सर्वश्रेष्ठ कवी. 1896 चा जन्म. तरुणपणी कवितेपायी तुरुंगवास झाला, बरीच वर्षे स्थिर नोकरी नव्हती, म्हणजे आर्थिक स्वास्थ्याचे नाव नको. 1944 ते 1956 ते सोलापूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात कन्नड शिकवत होते. साठीला तिथून निवृत्त होऊन साधनकेरीच्या घरी परतले आणि धारवाड आकाशवाणीचे सल्लागार झाले. 1958 चा साहित्य अकादमी पुरस्कार, 1968 ची पद्मश्री आणि 1973 चे ज्ञानपीठ, हे सगळे त्यांच्या आयुष्यात निवृत्तीनंतर आले. तुम्ही म्हणाल, ते बेंद्रे होते. खरे आहे. पण यातला सामान्य माणसाला घेता येण्याजोगा भाग प्रतिभेचा नाही. परतायला ओळखीची गल्ली होती आणि हाताला रोजचे, थोडे, बांधील काम होते, हा आहे.

उलट बाजूला जी. ए. कुलकर्णी आठवतात. मराठीतला हा मोठा कथाकार धारवाडच्या कॉलेजात अनेक वर्षे इंग्रजी शिकवत होता. गाव सोडून कुठे जाणे, समारंभात मिरवणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. आयुष्याच्या अखेरच्या काळात त्यांना पुण्याला जावे लागले आणि 11 डिसेंबर 1987 रोजी तिथेच ते गेले. प्रकृतीची कारणे असली की इलाज नसतो. पण इलाज असतानाही, केवळ ‘मुलं तिकडे आहेत’ म्हणून माळमड्डीचे अंगण विकून पुण्याच्या किंवा बंगळूरच्या नवव्या मजल्यावर जाणाऱ्यांनी आधी तिथे सलग चार महिने राहून पाहावे, तेही पावसाळ्यात, जेव्हा नातवंडे शाळेत आणि मुलगा-सून कामावर असतात. पाहुणा म्हणून दिवाळीत राहणे वेगळे. धारवाडहून बंगळूरला 2023 पासून आणि हुबळीहून पुण्याला 2024 पासून वंदे भारत धावते. जाऊन येऊन राहणे आता पूर्वीसारखे कष्टाचे उरलेले नाही.

घर मुलांच्या नावे करण्याबद्दल आणखी स्पष्ट बोलले पाहिजे. कर्नाटकात कुटुंबातल्या कुटुंबात केलेल्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क ठरावीक आणि किरकोळ आहे, त्यामुळे सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत हे काम चहा पिऊन येण्याइतके सोपे वाटते. पण बक्षीसपत्र झाले की घर गेले. मृत्युपत्र आपण जिवंत असेपर्यंत कितीदाही बदलता येते. तरी बक्षीसपत्रच करायचे ठरले तर ‘देणाऱ्याचा सांभाळ आणि प्राथमिक गरजा घेणाऱ्याने भागवाव्यात’ ही अट त्यात लेखी घाला. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातले 23 वे कलम अशी अट मोडल्यास व्यवहार रद्द करून घेण्याची वाट देते. अटच लिहिलेली नसेल तर ती वाट बिकट होते. मुलांवर अविश्वास दाखवण्याचा हा प्रश्न नाही. लेखी अट असली की नाते हिशेबापासून सुटे राहते.

एवढे सगळे पुरुषांबद्दल लिहून झाले, आणि खरे तर अर्धेच झाले. नवरा निवृत्त होतो तेव्हा बायकोच्या कामाचे तास वाढतात. जपानी डॉक्टर नोबुओ कुरोकावा यांनी 1991 मध्ये निवृत्त नवऱ्यांच्या बायकांत दिसणारी दुखणी नोंदवली: पोटदुखी, रक्तदाब, अंगावर पुरळ. दिवसभर स्वतःच्या तंत्राने चालणाऱ्या घरात एक नवा साहेब येऊन बसतो. डाळ एवढी का लागते, गॅस इतक्या लवकर कसा संपला, कुठे चाललीस, किती वाजता येशील असे विचारू लागतो. तो मदत करत असतो असे त्याला वाटते. इथे मला कर्नाटकातली एक अनपेक्षित गोष्ट फार आवडते. 11 जून 2023 पासून ‘शक्ती’ योजनेत बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही. नवऱ्याला तिकीट काढावे लागते, फार तर ज्येष्ठांची 25 टक्के सवलत मिळते. बायको आधार कार्ड दाखवते आणि चालू लागते: बहिणीकडे, सिद्धारूढ मठात, भजनी मंडळात, यल्लम्माला. चाळीस वर्षांत जिने स्वतःपुरता कधी प्रवास केला नव्हता ती आता करते आहे. निवृत्त नवऱ्याने तिला अडवू नये. दुपारचा भात स्वतः लावायला शिकावा. हे निवृत्तीचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी शिक्षण आहे.

आणि तिच्यासाठी एक काम याच वर्षात, स्वतः बसून करावे. नवऱ्याच्या पश्चात मिळणारी कुटुंबपेन्शन केंद्राच्या नियमाने शेवटच्या वेतनाच्या 30 टक्के असते. निवृत्तीनंतर लवकर मृत्यू आला तर सात वर्षे किंवा तो 67 वर्षांचा झाला असता तोवर, यांपैकी जे आधी संपेल तिथपर्यंत, वाढीव दराने मिळते. ती मिळण्यात सर्वांत मोठा अडथळा कायद्याचा नसतो, नावाचा असतो. आपल्या भागात तर हे फारच. पेन्शनच्या आदेशात तिचे माहेरचे नाव, आधारवर कन्नड पद्धतीने पुढे जोडलेली आद्याक्षरे, पॅनकार्डवर नवऱ्याचे नाव मधे घातलेले, बँकेत चौथेच स्पेलिंग. नवरा हयात असताना हे एका अर्जाचे काम असते. तो गेल्यावर रडत्या डोळ्यांनी तिला प्रतिज्ञापत्रे, नोटरी आणि हेलपाटे करावे लागतात, आणि तोवर पेन्शन थांबलेली असते. मुले परगावी असतात, बँकेतला माणूस बदललेला असतो.

तेव्हा हे पान मिटल्यावर कपाटातला पेन्शनचा आदेश (पीपीओ) काढा. त्यातले पत्नीचे नाव आणि जन्मतारीख तिच्या आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा, पेन्शनचे खाते दोघांच्या नावे आहे का ते बघा, ठेवींना वारस लावले आहेत का ते तपासा, आणि हे सगळे कागद कुठे ठेवले आहेत ते तिला आजच दाखवा.